हिमलव : संख्या एक

राष्ट्रीय उच्चपर्वतीय तृण संशोधन केंद्र पुण्यात आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. उरलेली उंची संचालक डॉ. खांबेटे यांच्या खुर्चीने भरून काढली होती.

केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. मृणालिनी केळुसकर अकरा वर्षं हिमलव या गवतावर काम करत होत्या. हिमलव वाढून वाढून दोन बोटं वाढतं, तेही फक्त हिमालयातल्या धुरांग पठारावर. सरकारी गणतीनुसार तिथे चार कोटी रोपं होती. पठारावर एका कंपनीला उडत्या टॅक्सींसाठी आकाशतळ बांधायचा होता. पण कायद्याने दुर्मिळ वनस्पतीचं एकच रोप विनाचौकशी हलवता येई. त्यापुढे दर रोपामागे स्वतंत्र सुनावणी. चार कोटी सुनावण्यांच्या विचाराने कंपनी सहा वर्षं हताश बसली होती. सरकारी दिरंगाईने केलेलं हे बहुधा एकमेव निसर्गरक्षण.

एका सकाळी केळुसकरबाई संचालकांकडे धावत गेल्या.

"सर, चार कोटी नाहीत."

"पाच लिहा."

"एक आहे, सर. बारा हजार पाती जनुकवाचकातून काढली. सगळ्यांची जनुकमुद्रा तंतोतंत तीच."

"बहिणी-बहिणी असतील."

"बहिणींत फरक असतो. ही एकच बाई आहे! तिथल्या थंडीत बी धरत नाही, म्हणून खोड जमिनीखालून सरपटतं आणि गाठीगाठीला पातं वर काढतं. सहा हजार वर्षं पसरलेला एकच जीव, एकतनू! आपण इतकी वर्षं तिचे केस मोजत होतो."

खांबेट्यांना गवत कळलं नाही, पण सहा हजार हा आकडा कळला. वार्ताहर बोलावले गेले.

"मॅडम, चार कोटीच असू द्या की," हेडक्लार्क सोनटक्के म्हणाले. "कुणाचं काय जातंय?"

"सोनटक्के, हे विज्ञान आहे, रेशनकार्ड नाही. चार कोटी रोपांना कोण विचारतं? सहा हजार वर्षांच्या एका जिवाला जग सांभाळेल."

शोध 'केळुसकर एकतनू' या नावाने जगभर गाजला. जगाने टाळ्या वाजवल्या. कंपनीचे वकील टिपणीस पेढे घेऊन आले.

"अभिनंदन, मॅडम. आम्हाला धुरांगवरून एक रोप हलवायचंय."

नऊ दिवसांत पठार खरवडून निघालं. हलवलेल्या एका रोपाबद्दल दहा लावायची, असा नियम होता. टिपणीसांनी हिमलवच्या दहा कुंड्या शीतकपाटात घालून केंद्रात आणून ठेवल्या.

बाईंना वाटलं, आता सापडले!

"ही दहा रोपं नव्हेत! त्याच एकाचे दहा तुकडे आहेत."

"म्हणजे जुनंच रोप?"

"तेच! तंतोतंत तेच!"

"मग ते मेलेलं नाही तर," टिपणीस नम्रपणे म्हणाले. "जिवंत रोपाची भरपाई कसली? आणि जिवंत राहायला एक कुंडी पुरते."

नऊ कुंड्या त्यांनी कंपनीच्या स्वागतकक्षात शोभेला नेल्या.

मार्चमध्ये वार्षिक अहवाल बाईंच्या सहीसाठी आला. हिमलव : गतवर्षी (सुधारित) एक, यंदा एक, घट शून्य टक्के.

सोनटक्क्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, लिहा की जनुकवाचक बिघडला होता. रोपं चार कोटीच होती. चार कोटी गुन्हे लागतील त्यांना. झक मारत पठार परत लावतील. कुंड्या आहेत अजून, ते गवत पसरेल."

"म्हणजे शोध मागे घेऊ? अहो, तो खरा आहे!"

"खरा आहे हो. पण गवत कुठंय?"

केळुसकरबाईंनी समोर पाहिलं. भिंतीवर स्वीडनहून आलेलं व्याख्यानाचं निमंत्रण चौकटीत लावलेलं होतं; त्यात 'केळुसकर एकतनू' हे शब्द ठळक होते. मग त्यांनी चष्मा लावला आणि अहवाल ओळीनं वाचला. सोनटक्के आशेने पुढे झुकले.

छापणाऱ्याने 'रोपे : १' असं छापलं होतं.

बाईंनी 'रोपे'चं 'रोप' केलं आणि सही केली.