उषाची कॅन

नवीन, तो मोबाईल उलटा ठेव. मयुरी, भिंतीला टेकून बस, आणि मध्येच उठायचं नाही. तुमचा हा रुपचंदनाना भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण तनवीरवर ठेवतो. पाचोऱ्यात घड्याळं दुरुस्त करतो तो. उगाच काहीबाही बोलणारा माणूस नव्हे.

दोन हजार चोवीसची बुद्धपौर्णिमा. त्या रात्री यावलच्या अभयारण्यात प्राणी मोजतात. मचाणावर बसायचं, पाणवठ्यावर कोण आलं ते कागदावर लिहायचं आणि उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. तनवीरला जंगलाचा भारी नाद, पण दिवसभर डोंगर तुडवून त्याचा पार भुगा झाला होता. सोबतीला पायथ्याच्या पाड्यावरचा वाटाड्या फत्तेसिंग. तो तर त्याहून थकलेला. पाच वर्षं नीट झोपलाच नव्हता म्हणा ना.

पाण्याच्या दोन कॅन होत्या. एक साधी, दुसरीला ओलं गोणपाट शिवलेलं. साधी अकरालाच संपली. तनवीरनं दुसरीला हात घातला, तसा फत्तेसिंग म्हणाला, "नको भाऊ. ती उषानी शे."

उषा त्याची लेक. दहा वर्षांची. पाच वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, पाहुण्यांना डोंगर दाखवायला निघाला तर पोरगी हट्टानं मागे आली. याच मचाणाच्या झाडाखाली तिला भोवळ आली. तेव्हा हा पाणवठा कोरडा ठाक. "तू बस आठे, मी पानी लई येस," म्हणून तो पाहुण्यांना घेऊन खालच्या झऱ्याकडे गेला. वाटेत बिबट्या दिसला. पाहुणे म्हणाले, फोटो काढतो, जरा थांब. हा थांबला... आणि परत आला तेव्हा पोरीचा जीव गेलेला होता.

"दर साल पहाटले कॅन खाले सोडस भाऊ. सकायले भरेलच सापडस," फत्तेसिंग म्हणाला. "एकदा तिनी तहान भागनी ना, मंग मी झोपसू. तीनले उठाडा माले." एवढं बोलला आणि बसल्या बसल्या त्याची मान कलली.

तनवीरनं कागदावर एक सांबर लिहिलं, दोन रानडुकरं लिहिली. जीभ टाळूला चिकटलेली. लाज वाटत होती हो, पण हात गेला. एक घोट. मग दुसरा. कॅन रिकामी झाली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन वाजून दहा मिनिटं.

रातकिडे थांबले.

पाणवठ्याजवळ कोणीतरी उभं होतं. लहानसं. ते पाण्याकडे वळलं नाही. मचाणाकडे आलं. खाली थांबलं. वर पाहिलं...

तनवीरला फत्तेसिंगला हाक मारायची होती. पण काय तोंडानं उठवणार? त्यानं रिकामी कॅन दोरीला बांधली. खाली सोडली.

"माफ कर, बेटी..."

दोरी ताणली गेली. मग सैल झाली.

मग... काही नाही.

उजाडल्यावर फत्तेसिंग जागा झाला. तनवीर रडतच म्हणाला, "मी प्यालो फत्तेसिंगभाऊ. सगळं पाणी मीच प्यालो." फत्तेसिंग चिडलासुद्धा नाही. "मंग यंदा बी ती तहानलेलीच गई," एवढंच म्हणाला आणि दोरी ओढू लागला.

अर्ध्यावर त्याचे हात थांबले. कॅन जड होती.

वर आली तेव्हा गळ्यापर्यंत भरलेली. पाणवठ्यातलं पाणी हिरवं, शेवाळलेलं. हे नितळ होतं. फत्तेसिंगनं ती उराशी धरली.

"मन्हाकरता..." तो म्हणाला. "पानी लई उनी मन्ही पोर."

त्यानंतर तो मचाणावर गेला नाही. रात्री झोप लागते म्हणे.

कॅन त्याच्या घरात खुंटीला आहे, अजून उघडलेली नाही. गेल्या मे महिन्यात तनवीर मला घेऊन गेला होता. दुपारचे दोन, वर तापलेला पत्रा. घरात कोणी त्या कॅनवर पाणी मारत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. मग हात लावून पाहिला.

गोणपाट ओलं होतं.