दहाव्याला दिलेला शब्द

भूतबित मानायला मला वेळच नाही हो. घरी शिलाई मशीन चालवते, दिवस कसा उगवतो नि मावळतो, कळत नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. तेही रात्री नाही, भरदुपारी. पटलं तर घ्या, वाद घालायचं माझ्यात त्राण नाही.

सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. वाचा गेली होती. काही हवं असलं की चमच्याने स्टीलचा पेला वाजवायच्या.

टण... टण...

की मी मशीन सोडून उठायचे. कधी पाणी, कधी कूस बदलायची, तर कधी नुसतं जवळ बसायचं. खोटं कशाला बोलू, त्या गेल्या तेव्हा मी रडले आणि रडता रडता भिंतीला टेकून झोपून गेले.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना.

"आई, आम्ही भाऊ भाऊ भांडणार नाही," दीर म्हणाले.

कावळे ढिम्म.

"आई, तुझं सगळं रीतसर करीन," नवरा म्हणाला.

ढिम्म.

ऊन डोक्यावर आलं. माझ्या पायांत गोळे आले होते. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू या. शास्त्राला चालतं."

"नको," नवरा अडून बसला. "तिचा जीव कशाततरी अडकलाय."

मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. मी पुढे झाले आणि तोंडाला येईल ते बोलले.

"आई, मी आहे ना. हाक मारा, येईन मी. पहिल्यासारखी."

एक कावळा लगेच उतरला... पिंडाला चोच लावली... आणि माझ्याकडे बघत राहिला.

जाऊ कानात म्हणाली, "सुटलीस गं बाई!"

घरी आले. त्यांची खोली रिकामी होती. कॉट देऊन टाकली होती, पेला-चमचा मीच माळ्यावरच्या ट्रंकेत टाकला होता. चटईवर अंग टाकलं. डोळा लागतोय तोच...

टण... टण...

"अहो, ऐकलंत?"

"काय? झोप गं, दमलीयेस तू."

टण... टण...

मी उठले. धीट म्हणून नाही, सवयीने. दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. पण त्यांचं उसं असायचं तिथे, फरशीवर... पेला होता. कोरडा.

पाण्याने भरून ठेवला. दारापाशी येऊन वळून पाहिलं...

रिकामा.

नवऱ्याला आजवर काहीच ऐकू आलेलं नाही. वर्षश्राद्धाला गुरुजींना मी हळूच विचारलं, "दिलेला शब्द मागे घेता येतो का?" त्यांनी दर्भाची जुडी आवरायला घेतली. वाटलं, दर्भाचा कावळा केला असता तर बरं झालं असतं. फार दमलेय हो मी.

हे सांगता सांगता आत्ताही उठून जाऊन आले. पेला भरलेलाच होता.

आज नुसतं जवळ बसायचं होतं.