शेवंतीला सोडायचं राहिलं

बसा. दिवा जरा इकडे सरकवा, माझं तोंड दिसू द्या. गावातले निम्मे लोक मला थापाड्या म्हणतात. उरलेले निम्मे माझे नातेवाईक, ते मोठ्याने म्हणत नाहीत एवढंच.

गास गावच्या खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, तेव्हा आमच्या क्लबचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, आणि अध्यक्ष आमचा पॉल, ज्याला घोड्याची भीती वाटायची. जमीन सरकारी, भाड्याची. अट अशी, की दर वर्षी नाताळानंतर निदान तीन घोडे धावले पाहिजेत. नाही धावले तर करार रद्द. नालासोपाऱ्यात इमारती गवतासारख्या उगवत होत्या. बिल्डर टपून होते आणि पुढारी त्यांच्या मांडीवर बसून होते. चारा परवडेना, म्हणून एकेक मालक घोडा विकून रिक्षा घेत गेला. उरले दोन घोडे. तिसरी शेवंती, फर्डिनंडची घोडी, पावसाळ्यात पोट फुगून मेली. मैदानाच्या वळणावरच तिला पुरलं.

मग युक्ती काढली मी. दुसरं कोण काढणार? शर्यत ठेवायची पहाटे, धुक्यात. नावं तिन्ही पुकारायची, पळवायचे दोन. वळणावर बांधाआड मी बसायचं आणि करवंट्या आपटून तिसरीच्या टापा काढायच्या. तपासायला येणारा सरकारी साहेब शेडमध्ये खुर्चीवर. त्याचं अर्धं लक्ष नाश्त्याकडे. तिसरी मागे राहिली म्हणून सांगायचं.

फर्डिनंडला ते रुचलं नाही. "मेलेल्याचं नाव पुकारू नये, मायकल," एवढंच तो म्हणाला. पॉलने समजावलं, मैदान गेलं तर शेवंतीच्या छातीवर बिल्डिंग उभी राहील. तेव्हा कुठे तो तयार झाला.

त्या पहाटे धुकं असं, की माझ्याच हातातली करवंटी मला दिसेना. खाजणाचा कुजका वास, बूड ओलं, आणि मी मनात हसतोय. लांबून पॉलचा भोंगा आला. पहिलं नाव. "हाय," स्वार म्हणाला, म्हणजे हजर. दुसरं नाव. "हाय." मग... "शेवंती."

थोडा वेळ काहीच नाही. मग हळू, घसा बसल्यासारखं, "हाय."

फर्डिनंडने बरं सोंग आणलं, असं मला वाटलं.

दोन घोडे चिखल उडवत गेले. मी करवंट्या उचलल्या. आणि टापा वाजल्या... मी अजून आपटलंच नव्हतं. खुळ्यासारखा हातांकडे बघत राहिलो. टापा वळण घेत माझ्या समोरून गेल्या. तोंडावर ऊन वाफ आली, घामाचा वास आला. घोडा काही दिसला नाही.

शेडमध्ये आलो तर साहेब खूश. तिसरी पहिली आली म्हणे. सही करून गेलासुद्धा. पॉलने माझ्या पाठीत धपाटा घातला, काय वाजवलंस रे म्हणून. मी फर्डिनंडला बाजूला घेतलं.

"हाय तू म्हणालास ना?"

"मला वाटलं, तू."

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. शर्यत संपली की पुकारणारा पुन्हा नाव घेतो आणि म्हणतो, सुटली. त्याआधी स्वाराने पाय जमिनीला लावायचा नाही, कितीही दमला तरी. पॉलने दोघांना सोडलं. जी नाहीच तिला कोण सोडणार?

दुसऱ्या पहाटेपासून खाजणात टापा ऐकू येऊ लागल्या. रोज. गोल, गोल. फर्डिनंडची बायको ग्रेसी मला म्हणाली, हा जेवत नाही, अंथरुणात बसून ऐकत राहतो. मी गेलो तर म्हणाला, "पुढचा डावा पाय लंगडतोय तिचा. ऐक."

त्याला तिला सोडायचं होतं. पण क्लबने हात जोडले. पुढच्या नाताळला तिसरा घोडा आणणार कुठून? एवढं वर्ष धावू दे तिला. पॉल तर रडला, आणि पॉल खोटं रडत नाही, त्याला ते जमतच नाही. फर्डिनंडचाही जीव त्या मैदानात; त्याच्या बापाने त्या खाजणात भराव घातलेला. सगळा उपवासकाळ तो टापा ऐकत राहिला. ईस्टरच्या आदल्या पहाटे त्याने माझं दार ठोठावलं.

त्या पहाटेमुळेच आमचं मैदान गेलं. आज त्या वळणावर लोक गॅलरीत कपडे वाळत घालतात.

भरतीचं पाणी नुकतंच उतरलं होतं, सगळा चिखल. टापा जवळ आल्या. फर्डिनंडने टोपी काढली.

"शेवंती... सुटलीस गं, बाय."

टापा मंदावल्या. थांबल्या. एक लांब सुस्कारा... आणि मग चिखलात धप्प झालं. कोणीतरी खाली उतरलं होतं.

"फर्डिनंड," मी म्हणालो, "वर... वर कोण होतं? हाय कोण म्हणालं होतं?"

घोडीचा लगाम धरायला करतात तसा त्याने हात पुढे केला. मूठ मिटली. मग वळून तो घराकडे चालू लागला, मूठ खांद्याशी धरून. मी मागे. आमच्या दोघांच्या मधल्या चिखलात ठसे उमटत होते, एकामागून एक, अगदी सावकाश.

घोडीचे असते तर मी त्याला हाक मारली नसती. अनवाणी माणसाचे होते.