पट्टी दाबायच्या आधी

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती तर मी तिला नीट शेवट तरी दिला असता.

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. बारा वर्षं झाली. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वस्तू बिघडते, उघडली की कारण सापडतं, एवढंच मला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वीचा गुरुवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्यांचं घर. लख्ख उजेड होता आणि खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. पण त्या गुरुवारपर्यंत आम्ही कसे पोचलो, ते आधी सांगतो.

बाबा बेकरीत रात्रपाळी करतात. रात्रभर भट्टीसमोर उभे, सकाळी घरी, आणि नऊ ते चार गाढ झोप. झोपले की घोरतात. कामावर जाताना आई म्हणायची, "यांचं घोरणं चालू असताना कुलपाची गरज नाही. चोर जिन्यातूनच परत जाईल."

माझी धाकटी बहीण पियानो शिकत होती. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण खारीसारखी एका जागी टिकत नाही. फक्त त्या इलेक्ट्रिक पियानोसमोर टिकायची. संगीतशाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. बाबांची झोप मोडू नये म्हणून दुपारभर हेडफोन लावून वाजवायची.

हेडफोनची वायर तुटली. तिसऱ्यांदा.

"आता बिनवायरचे आण," ती म्हणाली.

"चालताना गाणी ऐकायला आण, फोनवर बोलायला आण. रियाजाला नको. त्यात आवाज उशिरा पोचतो." हे भाषण मी दिवसातून दहा गिऱ्हाइकांना ऐकवतो.

"डावा हात लांब नेला की वायर अडकते, दादा. तू दुकानात काम करतोस की नुसता हवा खातोस? बघ ना एखादे चांगले."

मग तीन प्रकारचे इअरबड्स घेऊन बसलो. एक कानातून घरंगळायचे. दुसऱ्यात नुसता धमधमाट. तिसरे बरे निघाले. आवाज स्वच्छ, उशीर पापणी लवण्याइतका. शिवाय कानात असतानाही आजूबाजूचं ऐकू यावं अशी सोय होती, म्हणजे दाराची बेल कळली असती. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं. ते कुणा गेलेल्या माणसाचे वगैरे नव्हते, हे मुद्दाम सांगतोय.

पहिले तीन दिवस खारू कुरकुरली. "पट्टी दाबते, आवाज मागून येतो."

"मी सांगितलं होतं."

चौथ्या दिवशी म्हणाली, "आता बरोबर येतोय." मी उगाच कॉलर ताठ केली.

सहाव्या दिवशी जेवायला बसलो. खारू ताटाकडे बघतच म्हणाली...

"आता आवाज आधी येतोय."

"मग तू कशाला मेहनत करतेस? परीक्षेला त्यांनाच पाठव."

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो, तेव्हा मीच बड्स कानात घातले. पियानोसमोर बसलो. मधली एक पांढरी पट्टी दाबायची असं ठरवलं. बोट उचललं...

कानात भसाडा आवाज आला. खालच्या चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्यासारखा.

मी दचकून मागे सरलो. स्टूल कलंडलं. तोल सावरताना माझं कोपर पियानोवर आपटलं.

खालच्या चार-पाच पट्ट्यांवर. एकदम.

आणि या वेळी कानात... काहीच वाजलं नाही.

शहाण्या माणसाने ते तिथेच डबीत घालून परत केले असते. मी स्टॉपवॉच काढलं. बिघाड सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही माझी जुनी खोड. चुकलं ते तिथेच.

रियाजासाठी खारूने मैत्रिणीचे वायरवाले हेडफोन आणले. आणि हे बड्स आम्ही फक्त मोजण्यासाठी ठेवले. तिने ते कानात घालून बसायचं, बेल ऐकू आली की हात वर करायचा.

तिने हात वर केला. बेल वाजली नव्हती.

अकरा मिनिटांनी पाण्याचा जारवाला आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. शेजारच्या काकू चाळीस मिनिटांनी आल्या.

"दादा, पुरे आता," खारू म्हणाली. "मला भीती वाटते."

"उद्या एकदाच. मग फेकून देऊ."

तो उद्या म्हणजे गुरुवार.

खारू स्टुलावर बसली होती, मी वही घेऊन जमिनीवर. भिंतीपलीकडे बाबा झोपले होते. घर्र... घर्र...

तिने हात वर केला नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"घोरणं थांबलं."

मी कान दिला. घर्र... घर्र...

"चालू आहे की."

"कानात थांबलं, दादा."

ती तशीच बसून राहिली. काहीतरी ऐकत होती. मग एकदम बड्स कानातून ओढून तिने भिरकावले.

मी आतल्या खोलीत धावलो. माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाबांचा खांदा धरून गदागदा हलवला.

"काय रे?" बाबा धडपडून उठले. "घराला आग लागली का?"

काहीबाही सांगून त्यांना समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब मोजला. म्हणाले, ठणठणीत आहेत, मीठ जरा कमी खा. जिना चढताना बाबा पुटपुटत होते, "दोघांनी मिळून माझी झोप खाल्ली."

चार वाजले. पाच वाजले. सहा. बाबा डबा घेऊन पाळीवर गेले. चाळीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

मला हसू फुटलं.

"अगं, घोरणं थांबणारच होतं. आपणच नाही का त्यांना उठवलं? तेच ऐकलंस तू."

जीव भांड्यात पडला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

खारू मान खाली घालून बसली होती.

"तू त्यांना हाक मारलीस का, दादा?"

"नाही. हलवलं फक्त."

"मी हाक ऐकली. घोरणं थांबल्यावर. बाबा... बाबा... बाबा... तीनदा. आवाज तुझाच होता. पण असा नव्हता. घोगरा होता, फाटलेला."

मी डोळे पुसले.

"तिसऱ्या हाकेनंतर तू रडायला लागलास."

आदल्या दिवशीचं अंतर चाळीस मिनिटांचं होतं. त्या दिवशी ते किती वाढलं होतं, हे आम्ही मोजलंच नाही. काही दिवसांचं असेल. काही महिन्यांचं असेल... किंवा वर्षांचं.

त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन मी बड्स फोडले. आत इवलीशी बॅटरी, स्पीकरचा पडदा, केसासारख्या तारा. सगळ्यांत असतं तेच होतं.

खारू परीक्षेत पास झाली. आता दुसऱ्या गावी शिकते. बाबा अजून रात्रपाळी करतात. त्यांना उठवायचं असेल तर मी हाक मारत नाही, पायाचा अंगठा हलवतो. आई म्हणते, हे काय नवीन खूळ. तिला आम्ही काही सांगितलेलं नाही.

परवा माझा घसा बसला. दुकानातल्या धुळीने असेल.

काल खारूचा फोन आला. मी म्हणालो, "बोल गं, कशी आहेस?"

पलीकडे कुणीच बोलेना. मला वाटलं फोन कटला...

"दादा," ती म्हणाली. "हाच आवाज."

आज सकाळी बाबांना पुन्हा तपासून आणलं. ठणठणीत आहेत म्हणे. दुकानात मी गेलो नाही. दुपारचे अडीच वाजलेत. बाबा आत झोपलेत. गरम पाणी पितोय, औषध घेतोय, पण घसा काही मोकळा होत नाही. मला फार भीती वाटतेय. हे लिहितानाही दर दोन ओळींनी थांबतो आणि भिंतीला कान लावतो.

घर्र... घर्र...

अजून चालू आहे.