आजीचा होकार

दुपारचे तीन वाजले होते आणि मास्तरांना नाकातल्या नळीतून दूध द्यायचं होतं. काम एवढंच. धाकटी ट्रॉली ढकलत नऊ नंबरच्या खाटेकडे निघाली ती गुणगुणतच. वॉर्डातली वयाने सगळ्यांत लहान नर्स म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत, आणि तिचं गुणगुणणं कधीच सुरात नसतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आज तिच्या खिशात एक सीलबंद डबी होती. मागच्या आठवड्यातल्या प्रशिक्षणात मिळालेली, रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांची. अशी डबी या वॉर्डात याआधी कुणी पाहिलीही नव्हती. नाकातून घातलेली नळी पोटात गेलीय की चुकून फुफ्फुसात, हे या पट्ट्यांवरून कळतं. नळीतून थेंबभर पाणी ओढायचं आणि पट्टीवर सोडायचं. पोटातल्या आम्लाने ती केशरी झाली तर नळी पोटात. हिरवी झाली तर हात आवरायचा आणि आधी एक्स-रे काढायचा.

वॉर्डाची रीत निराळी होती. पिचकारीने नळीत हवा सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप टेकवायचा, गुडगुड ऐकू आली की दूध चालू. या आवाजावर विसंबू नका, असं कितीतरी अभ्यासांनी सांगून झालं होतं. पण अभ्यास कपाटात राहतात आणि खाटेपाशी उभी असते ती सवय.

या वॉर्डात त्या सवयीला नावही होतं. आजी. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला जुना काळा स्टेथोस्कोप. फार वर्षांपूर्वी इथे एक सिस्टर होत्या. त्यांच्या तोंडून नाही म्हणून निघायचं नाही. काहीही विचारा, "चालतंय गं." अशाच एका दुपारी, याच वॉर्डात, खुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या. स्टेथोस्कोप मागे राहिला. "आजी कधी नाही म्हणत नाही," असं सगळ्याजणी कौतुकाने सांगायच्या. धाकटीला ते ऐकून चीड यायची. जी कधी नाहीच म्हणत नाही, तिला विचारायचं तरी कशाला?

मास्तर डोळे मिटून पडले होते. सकाळी त्यांनी झोपेत नळी उपसली होती, ती नुकतीच पुन्हा घातली होती. उशाशी त्यांची लेक बसली होती.

"भूक लागली असेल हो बाबांना," ती म्हणाली. "मघापासून जरा खोकतायत, बाकी काही नाही."

धाकटीने डबीचं सील फोडलं, थेंब ओढला, पट्टीवर सोडला. पट्टी हिरवी झाली.

तिने दुसरी पट्टी घेतली. तीही हिरवी.

आता खरं तर प्रश्नच नव्हता. पण मागच्या महिन्यात ड्रेसिंगची नवी पद्धत सुचवली तेव्हा "आली बघा पुस्तकांची पेटी" म्हणून आठवडाभर तिची खेचली होती सगळ्यांनी. पट्टी खोटी निघाली तर? मास्तर उपाशी, एक्स-रे फुकट, आणि नवं टोपणनाव. तिचा हात आपोआप खिळ्याकडे गेला.

आजी गार होती. या उकाड्यात, पंख्याखाली, गार. कानात घालताच कुठल्याशा जुन्या पावडरीचा वास आला. तिने पिचकारीत हवा भरून ती नळीला जोडली आणि स्टेथोस्कोप मास्तरांच्या पोटावर ठेवला.

गुडगुड... गुडगुड...

स्पष्ट, भरघोस, शंकेला जागाच नाही असा आवाज. धाकटीने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली. पिचकारी तशीच भरलेली होती. तिने हवा अजून सोडलीच नव्हती.

वॉर्डातले सगळे आवाज लांब गेल्यासारखे झाले. आणि त्या गुडगुडीच्या मागून, अगदी कानाशी, कुणीतरी मायेने म्हणालं, "चालतंय गं..."

तिने स्टेथोस्कोप कानातून ओढून काढला. दुधाची पिशवी तिने ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात टाकली आणि थेट मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी गेली.

"मी मास्तरांना दूध देणार नाहीये."

वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? रुसलेत?"

"पट्टी हिरवी आली. दोनदा."

"आणि आजी काय म्हणते?"

"आजी... हो म्हणते."

मोठ्या सिस्टर उठल्या. त्यांनी स्वतः ऐकलं. बराच वेळ ऐकलं. स्टेथोस्कोप काढल्यावर त्यांनी कान पदराला पुसले. मग पट्ट्या उजेडात धरल्या.

"खात्री आहे तुला?"

"पट्टीची आहे. माझी नाही."

"पट्टीची पुरे. एक्स-रेला फोन लाव, माझं नाव सांग. खोटं ठरलं तर बोलणी दोघी मिळून खाऊ. तुला एकटीला पचायची नाहीत."

फोटो आला. नळीचं टोक उजव्या फुफ्फुसात होतं. ते दूध गेलं असतं, तर मास्तर संध्याकाळ पाहते ना.

साडेपाचला नळी नीट बसली. पट्टी केशरी झाली, पिकलेल्या संत्र्यासारखी, आणि ती बघायला अख्खा वॉर्ड जमला. लेक हसता हसता रडली. मास्तरांनी एक डोळा उघडून विचारलं, "पास का नापास?" मोठ्या सिस्टरांनी तिथेच जाहीर केलं की उद्यापासून प्रत्येक ट्रॉलीवर पट्ट्या, आणि शिकवणार पुस्तकांची पेटी. धाकटीने इतकं बेसूर गुणगुणायला सुरुवात केली की आठ नंबरच्या रुग्णाने पांघरूण डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या काकांनी आजीला मोडीत काढायला घेतलं.

"ताई, ही थट्टा आहे का?" ते म्हणाले. "याचा पडदा कधीचाच गेलाय. नळीत कापूस ठासून भरलाय. यातून ऐकू काय येणार?"

त्यांनी रबर चिरलं. आतला कापूस वर्षानुवर्षं दाबून लाकडासारखा कडक, पिवळा पडलेला होता. त्याच्या पोटात कुणीतरी काहीतरी बारीक घडी घालून लपवलं होतं. धाकटीने चिमट्याने ते उलगडलं.

कागदाची पट्टी होती. तिच्या डबीतल्यासारखीच.

हिरवी. आजीने गिळलेलं 'नाही'. आणि अजून ओली.