मधली जागा

थांबा, थांबा. तो मोबाइल खाली ठेव आधी, रित्सु. आपण तिघंच आहोत ना? मग ती बाहुली काढ कपाटावरून. हो, तीच, लाल किमोनोवाली. कानाए, तू घे तिला मांडीवर. आता झालो चार. आता फोटो काढायचा असेल तर काढ.

हसा, हसा. तुमच्या वयात मीही हसायचो. माझ्या वडिलांनी हा स्टुडिओ काढला तेव्हापासून ही बाहुली त्या कपाटावर बसलीय. तीन माणसं फोटोला आली की तिला खाली काढायची. कारण तिघांच्या फोटोत मधे उभा राहतो तो आधी जातो. तुमच्या आज्यांना विचारा. बाहुली हाताशी नसेल तर सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं मुकाट्यानं मधे जाऊन उभं राहायचं. रीतच होती ती.

बाहेर गारठा आहे, शेवटची गाडीही गेली तुमची. पाय या गरम मेजाखाली घाला, पांघरूण नीट ओढून घ्या. सांगतो. पण मधे मधे बोललात तर उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

इसोगाइ माझा शाळेपासूनचा दोस्त. देवळांचे फोटो काढायचा. कॅलेंडरं, प्रवासाची मासिकं, स्टेशनावरची पोस्टरं. लाल कमानीवर बर्फ, दगडी दिव्यांवर शेवाळ, असलं सगळं. लोक ते फोटो बघून कुठून कुठून यायचे आणि म्हणायचे, फोटोतच जास्त छान दिसतं. त्याला राग यायचा त्याचा. सगळं जग मोबाइलवर गेलं तरी हा फिल्मच वापरायचा. बारा फोटोंची एक फिल्म. एकेक फोटोला तासभर घालवायचा आणि धुवायला माझ्याकडे आणायचा. बायको लवकर गेली त्याची. मुलगी एकच, चिहारु. ओसाकाला नोकरी करायची. ती सुटीवर आली की याच्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं.

दोन हजार सोळा साल. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, शनिवार. बापलेक वर ओकुमिझुच्या देवळात गेले. कॅलेंडरचं काम होतं, पिवळी पानं गळायच्या आत फोटो हवे होते. खालच्या कमानीपासून एकशे ऐंशी पायऱ्या आहेत तिथं. कॅमेऱ्याचं तिकाटणं चिहारुनं उचललं. संध्याकाळचे साडेचार होत आले, उजेड उतरायला लागला. अकरा फोटो झाले होते. एक उरला होता.

वरच्या पायरीवर एक म्हातारी पानं झाडत होती. म्हणाली, "एक माझाही काढा की. किती वर्षं झाली, कुणी माझा फोटो काढला नाही."

इसोगाइ तसा तिरसट माणूस, पण म्हाताऱ्या माणसांपुढे लोणी. म्हणाला, "या आजी. पोरीजवळ उभ्या राहा."

"दोघींचा कसला फोटो? तुम्हीही या."

कॅमेऱ्याला आपोआप फोटो घ्यायची कळ होती. ती लावून हा जायला निघाला, तेवढ्यात चिहारु म्हणाली, "बाबा, तीन होतात."

"त्या देवळापुढच्या दगडी कोल्ह्याला धर चौथा."

"दगड मोजत नाहीत हो," म्हातारी म्हणाली. "मी राहते मधे. माझं काय राहिलंय आता?"

आणि ती मधे उभी राहिली. अलीकडे इसोगाइ, पलीकडे चिहारु, मधे म्हातारी. हे त्या दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलंय. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता.

सोमवारी फिल्म मी धुतली. याच मागच्या खोलीत. संध्याकाळी तो आला, शेवटचा फोटो हातात घेतला आणि दिव्याखाली धरला.

"उलटा छापलास," तो म्हणाला. "मधे कोण आलंय बघ."

"उलटा छापला तरी मधला मधेच राहतो, गाढवा," मी म्हणालो.

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, म्हणून गंमत केली. मग त्यानं मला दाखवलं. डावीकडे झाडू घेतलेली म्हातारी. उजवीकडे इसोगाइ.

मधे चिहारु.

त्याच रात्री तिला ताप भरला.

तुम्हाला वाटेल, नोव्हेंबर महिना, डोंगरावर गार वारा लागला असेल. आम्हालाही तेच वाटलं. तसंच वाटून घ्यायचं होतं आम्हाला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासलं, छाती तपासली, डोक्याचे फोटो काढले. काही सापडेना. डॉक्टर भला माणूस होता. "कारण कळत नाही," असं तोंडावर सांगायचा. पोर उन्हात ठेवलेल्या बर्फासारखी दिवसेंदिवस कमी होत चालली.

आम्ही दोघं तो फोटो घेऊन ओकुमिझुला गेलो. पुजारी खाली गावात राहतो. जुने फोटो, बाहुल्या जाळून त्यांना रीतसर निरोप देतात ना, तसा त्यानं मंत्र म्हणून तो फोटो जाळला. राख नदीत सोडली. मग इसोगाइनं विचारलं, वर झाडायला येते ती आजी कोण?

"वर मीच झाडतो," पुजारी म्हणाला. "गुरुवारी. बाकी कुणी नाही."

आम्ही परत आलो. ताप तसाच होता. त्या दिवसांत मी इसोगाइला काय काय सांगितलं असेल, त्याचं त्याला ठाऊक. धीर धर, मोठ्या हॉस्पिटलात ने, नवस बोल. तोंडाची वाफ नुसती. माणूस डोळ्यांदेखत बुडतोय आणि आपण काठावरून पोहायचं कसं ते सांगतोय, दुसरं काय. इतका नालायक मी मला कधी वाटलो नव्हतो.

दोन डिसेंबर. शुक्रवार. अमावस्या होऊन तीनच दिवस झाले होते, चंद्र लवकर मावळला होता. संध्याकाळी डॉक्टरनं इसोगाइला बाहेर बोलावून सांगितलं, की आज रात्री फोन जवळ ठेवा. नातेवाइकांना नऊला बाहेर काढतात तिथं. दहा वाजता तो माझ्या दारात उभा होता. खांद्याला कॅमेरा आणि फ्लॅश, हातात तिकाटणं.

"चल," म्हणाला.

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"इसोगाइ, माझा गुडघा..."

"चढू नकोस. गाडीत बस खाली. पण चल. तू पाहिजेस."

मला कळलं तो काय करायला निघालाय. त्याला स्वतः मधे उभं राहायचं होतं. मी काय करू शकत होतो सांगा? पोर त्याची. नको जाऊ म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू? मी आपलं ही बाहुली काढली कपाटावरून आणि त्याच्यापुढे धरली. म्हणालो, निदान हिला ने.

तो म्हणाला, "हिला नेली तर चार होतील. मला तीनच हवेत."

"तीन तरी कुठे आहेत? तू एकटाच तर आहेस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसला. मीही बसलो.

पोहोचलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. गाडीतल्या घड्याळात पाहिलं मी. तो उतरला, कमानीखाली उभा राहून वाकला आणि चढायला लागला. बॅटरीचा ठिपका वर वर गेला, झाडांत शिरला आणि दिसेनासा झाला.

मी काच थोडी खाली केली. वारा नव्हता. थंडी होती. नदीचा आवाज तेवढा येत होता.

मग वर झाडांत पांढरा उजेड झाला. फ्लॅश. एक.

बऱ्याच वेळानं दुसरा.

तुम्ही मोजलं नसतं? मी मोजायला लागलो. दुसरं काय होतं माझ्या हातात? तीन. चार. दर उजेडाला देवदारांची खोडं लख्ख दिसायची आणि परत सगळं काळं. मधल्या वेळात तो काय करत होता? उभा राहत असेल. वाट बघत असेल. दोन्ही बाजूंना जागा सोडून...

सात.

आठ.

आठनंतर खूप वेळ गेला. मला वाटलं हाक मारावी. हाक फुटेना.

नऊ. दहा.

नदीचा आवाज थांबला होता. कधी थांबला, लक्षात आलं नाही.

अकरा.

आणि मग वरून... झाडू. खर्र... खर्र... पायऱ्यांवरून. एकेक पायरी. मी काच वर केली. आवाज तेवढाच. कमी झाला नाही.

मग थांबला.

बारा.

संपली फिल्म, मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, गाडीत एकटाच. संपली. आता येईल खाली.

काळोख.

काळोख.

तेरा.

मी डोळे मिटून घेतले. लाज वाटते सांगायला, पण घेतले. किती वेळ, ते माहीत नाही. उघडले तेव्हा इसोगाइ काचेवर टकटक करत होता. नदी पुन्हा वाहत होती.

तो शांत होता. बसला, पट्टा लावला, फिल्म काढून माझ्या हातात दिली.

"आली होती," म्हणाला. "झाडू बाजूला ठेवला तिनं."

"तेरा वेळा उजेड झाला, इसोगाइ."

"बाराच मावतात," तो म्हणाला, आणि त्याचा फोन वाजला. हॉस्पिटलातली नर्स होती. ताप उतरला, म्हणाली. पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं. तो रडला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म धुतली.

आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. त्यानं कधी विचारलं नाही, फोटो कसे आले. रोज यायचा. समोरच्या टपरीवरच्या शेवया खायचा, चिहारु आज जिन्यापर्यंत चालली, आज आंघोळ केली, असं सांगायचा. इतका बोलका मी त्याला कधी पाहिला नव्हता. आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. दहा दिवस. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि दोघंही शेवया खात होतो.

अकराव्या दिवशी तो त्याच्या घरी, भिंतीला टेकून बसल्या जागी गेला. शेजारी चहाचा कप होता. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं. त्याचंही "कारण कळत नाही" असंच म्हणाला.

चिहारु ठणठणीत आहे. लग्न झालं, एक मुलगा आहे. दर वर्षाच्या शेवटी तिघं फोटो काढायला येतात माझ्याकडे. बाहुली मुलाच्या मांडीवर. आणि दर वर्षी ती निघताना विचारते, "काका, बाबांची शेवटची फिल्म तुमच्याकडेच होती ना? त्यांचा एखादा फोटो असेल तर द्या ना मला." मी म्हणतो, खराब झाली गं ती. दर वर्षी म्हणतो. आणि ती दर वर्षी मान हलवून, मुलाला मोजे घालून निघून जाते.

खराब झालेली नाही. बारा फोटो आहेत. बाराही फोटोंत इसोगाइ एकटा, पायरीच्या बरोबर मधे, दोन्ही बाजूंना जागा सोडून उभा आहे. कुणीही आलेलं नाही.

तेरावा शेवटी आहे. फिल्मच्या शेपटीला. चित्राला जिथं जागाच नसते तिथं.

डावीकडे म्हातारी. मधे इसोगाइ.

उजवीकडे मी.

मी गाडीत होतो. काच लावून, डोळे मिटून, गाडीत होतो. एकशे ऐंशी पायऱ्या मला त्या गुडघ्यानं जन्मात चढता आल्या नसत्या... पण मीच आहे तो. माझा कोट, माझी टोपी. आणि माझा हात इसोगाइच्या पाठीवर आहे. आपण फोटोसाठी एखाद्याला मधे सरकवतो ना, हलकेच पुढे लोटतो... तसा.

बघता काय माझ्याकडे? काढा तुमचा फोटो. मी नाही येत त्यात. बाहुलीला तुम्ही दोघं घ्या मधे. कळ मी दाबतो.