कोऱ्या लेबलातला गडी

आत्या राहिली. बॅग रिकामी करून तिने माळ्यावर टाकली, आणि दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की अजूनही तीच पत्ते पिसायला बसते.

ही बातमी तूर्त कोणाच्या कानावर आलेली नाही, असं धरून चालू. तर, आत्या चालली होती.

झालं होतं असं की ताईची बदली झाली. ताईबरोबर दाजी जाणार, आणि मागे उरणार आत्या आणि चिकट्या. दोघांत पोकर खेळणं म्हणजे आरशाशी भांडणं, असं आत्याचं स्पष्ट मत होतं. निदान तीन गडी हवेत, नाहीतर टेबल मोडलं. आणि टेबलच मोडलं तर या घरात भिंतींकडे बघत कशाला बसायचं? समुद्राकाठच्या मैत्रिणीने तिच्यासाठी खोली कधीचीच झाडून ठेवली होती.

आत्या निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, त्यामुळे आता तिला मिटलेली तोंडं वाचायची हौस. समोरच्याने ओठ कसे दाबलेत यावरून त्याच्या हातात राजा आहे की नुसती हूल, हे ती बरोबर सांगायची. चिकट्या तिचा भाचा, ताईचा धाकटा भाऊ, तिनेच लहानाचा मोठा केलेला. तो लेबलं छापणाऱ्या कारखान्यात होता, म्हणून चिकट्या. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथे सुखात होतं.

ती गेली तर घरात ‘जेवलास का’ विचारणारं माणूस उरणार नव्हतं. पण हे तोंडाने सांगण्यापेक्षा त्याने भूल न देता दाढ काढून घेतली असती. म्हणून त्याने पोकरचे चिप्स करायला घेतले, पैशांऐवजी डावावर लावायचे.

मातीच्या जड चकत्या. एकीवर एक पडल्या की कपाटात कोणी बशा रचतंय असा आवाज. मधोमध उथळ खळगी, लेबलासाठी. आधी स्पिरिटने खळगी पुसायची, मग लेबल पातीच्या टोकावर उचलून मधोमध टेकवायचं आणि अंगठा मधून कडेकडे फिरवायचा. खाली बुडबुडा राहिला तर कारखान्यात माणसाची मान खाली जाते.

लेबलांवर चौघांचे चेहरे होते. फोटो काढताना अट एकच, हसायचं नाही. त्यामुळे दाजी पासपोर्ट हरवल्यासारखे आले होते आणि ताई तो लपवल्यासारखी.

कागदावरची शेवटची ओळ कोरी राहिली. कापलेलं लेबल वाया घालवायचं नाही, ही कारखान्याची सवय हाडात मुरलेली. त्याने उरलेल्या चकत्यांवर कोरी लेबलंही चिकटवून टाकली.

इथे तो चुकला.

पहिल्या रविवारी चिप्स बघून सगळे खूश. दाजी स्वतःचा चेहरा डावावर लावताना दर वेळी म्हणायचे, “घ्या, मी पणाला लागलो.” 

“तुम्हाला कोण जिंकून घेणार?” ताई म्हणाली. “मला आधीच लागलेत, परत घेत नाहीत.”

मग तिने एक कोरी चकती उजेडात धरली. “चिकट्या, यावर चहा सांडलास का रे?”

मधोमध एक फिकट तपकिरी डाग होता. सगळ्या कोऱ्या चकत्यांवर, अगदी त्याच जागी.

“शाई झिरपली असेल,” तो म्हणाला. कोऱ्या लेबलाला शाई लागलेलीच नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी डागाला मिशी आली होती.

“तुझेच उद्योग,” आत्या म्हणाली. “लहानपणी माझ्या कवळ्यांना डोळे काढायचास.”

“आत्या, तुझी शपथ.”

“माझी नको. दाजींची घे, ते तसेही चाललेत.”

ताई जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी चेहरा पुरता उमटला होता. पन्नाशीचा, गुबगुबीत, जेवायला बोलावल्यासारखा खूश. कोणाच्याच ओळखीचा नाही. नाकाच्या जागी लेबल फुगलं होतं. बुडबुडा! चिकट्याला भर घरात मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने टाचणी घेतली आणि कारखान्यात करतात तशी बुडबुड्याच्या कडेला अलगद टोचली.

खोलीत कोणीतरी शिंकलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौघांचीही तोंडं मिटलेली होती, आणि मिटलेल्या तोंडांबाबत आत्याची कधी चूक होत नसे.

“पंखा कमी करा,” ती म्हणाली. “त्याला सर्दी झालीय.”

ताई हसायला लागली ती थांबेचना. दाजी तर खुर्चीवरून घसरले. शेवटी डोळे पुसत ताईने टेबलाला आणखी एक खुर्ची लावली, त्या चकत्यांची रास तिच्यासमोर मांडली आणि म्हणाली, “वाटा पत्ते. माझ्या जागी माणूस मिळाला, आता मी जायला मोकळी.”

पत्ते वाटले. खुर्चीसमोरचे पत्ते पालथेच राहिले. ताई सरबताचे ग्लास भरत होती, दाजी खिडकी लावत होते, आत्या चष्मा पुसत होती. सगळ्यांनी परत टेबलाकडे पाहिलं तेव्हा खुर्चीसमोरची रास मधोमध सरकलेली होती.

सगळी.

“अरे वा!” आत्या म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “हूल देतोय मेला.”

ती लढली. पत्ते उलटले. तो हूल देत नव्हता.

आत्या हरली आणि टेबलावर थापा मारत इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं. सगळ्या दुनियेचे ओठ वाचणाऱ्या बाईला पहिल्यांदा न वाचता येणारं तोंड भेटलं होतं. त्याच संध्याकाळी बॅग माळ्यावर गेली.

“तीन गडी झाले की,” ती म्हणाली. “जेवलास का?”

तेव्हापासून घर आनंदात आहे. आत्या रविवारी इस्त्रीची साडी नेसते, पंखा कमी ठेवते. तो खेळतो छान. पत्ते आले नाहीत तर न चिडता डाव सोडतो, लढला की जिंकतोच, पण माज नाही. असा गडी शोधून सापडत नाही, असं आत्या फोनवर ताईला सांगत असते.

एकच गोष्ट आहे.

आपण हरलेली चकती त्याच्या राशीत जाते. तिच्यावरचा आपला चेहरा, जो चिकट्याने समोरून काढला होता, हळूहळू खुर्चीकडे वळतो.

आधी डोळे. मग हनुवटी.

आणि त्या चेहऱ्यांना न हसायची अट आठवत नाही.

मागच्या आठवड्यात कारखान्याच्या ओळखपत्रासाठी चिकट्याचा नवा फोटो काढला. फोटोवाला तीनदा म्हणाला, “साहेब, इकडे बघा.” चिकट्या कॅमेऱ्याकडेच बघत होता.

त्याने आत्याला काही सांगितलं नाही. ती पत्ते पिसत होती, गुणगुणत होती. त्याने कारखान्यातून एक लेबल छापून आणलं आणि बुडबुडा न ठेवता खुर्चीच्या पाठीवर चिकटवलं:

*प्रति, माननीय सदस्य, तिसरी खुर्ची. विषय: जिंकलेले चेहरे परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की आपण निदान एकदा हरावे. तसे करणे शक्य नसल्यास आत्यांचे चेहरे तरी कृपया आमच्याकडे वळते करावेत, ही विनंती. कळावे.*